नदीवरची धुई

राखोली, सिल्वासा
१२ जानेवारी १९९३

माय, तुझ्या पाया पडतो.

मी बरा आहे. पावसाळाभर समुद्राकडचा वारा कंपन्यांचा धूर डोंगराकडे घेऊन जायचा, तेव्हा भूकही चांगली लागायची. आता थंडीत वारा पडलाय. सकाळी नदीवर धुई दाटते, दहापर्यंत विरते. तुझे गुडघे कसे आहेत? गाय व्याली का?

रोशनी, इथून पुढचं मायला ऐकवू नकोस. मनात वाच.

ती धुई नाही गं. थंडीत धूर वर जातच नाही, नदीच्या खोलगटात दबून राहतो. इथे माझ्याच खोलीत राहणारा भिमाबाईचा चिंधा त्याला आपल्या गावची धुई समजला. सकाळची हवा चांगली म्हणून रोज काठच्या दगडावर बसून तासभर दात घासायचा. मागच्या पौषात तो खोकल्यानेच गेला. यंदा धुई उतरली की त्या दगडाकडून खोकला ऐकू येतो. खोलीतले सगळे ऐकतात.

काल सकाळी पाणी आणायला गेलो. वाट दिसेना म्हणून त्याच दगडावर टेकलो, तर ढास लागली. खोलीच्या दारातून आमचा लखन रडवेल्या आवाजात ओरडला, "चिंधाभाऊ, आता तरी जा रे!"

मी संजू आहे, हे सांगायला तोंड उघडलं, तर पुन्हा खोकलाच आला.

आता मोठ्याने वाच.

माय, मला इथली हवा मानवलीय.

तुझा लेक,
संजू