चाचांच्या सिलेंडरला धुराचा वास

मंगळवार, संध्याकाळ

शिरोळला नदीवर बचाव पथकाच्या पाणबुड्यांचं प्रशिक्षण चालू आहे. त्यांचे हवेचे सिलेंडर भरायचं काम माझं. आज सकाळी रशीदचाचा म्हणाले, "ताई, हवेला धुराचा वास येतोय की." हवा भरायचा कॉम्प्रेसर धूर सोडणाऱ्या चालू ट्रॅक्टरशेजारीच ठेवलेला, फिल्टर बदलायची मुदतही उलटलेली. मला ठाऊक होतं. तरी मी म्हणाले, "काही नाही हो, उतरा." प्रशिक्षक सर घाई करत होते. पण सरांचं नाव कशाला? मीच म्हणाले.

दहा मिनिटांत चाचा डोकं धरून वर आले, काठावर ओकले. सर म्हणाले, "चाचा, वय झालं. उद्यापासून काठावरच बसा." चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. वासाचं नाव काढलं नाही. मीही नाही. का? इतकी वर्षं बुडालेली माणसं काढणारा हा माणूस माझ्यापायी म्हातारा ठरला, आणि मी नळ्या गुंडाळत बसले.

बावड्याला घरी येऊन केस धुतले, तरी धुराचा वास जाईना. शेवटी सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चाचांना आत्ताच डॉक्टरकडे नेतो. तुम्ही उद्या सगळे सिलेंडर रिकामे करा."

तासाभरानं चाचांना फोन लावला. "चाचा, चुकलंच माझं."

"व्हय, चुकलंच," ते म्हणाले. "आता बरं हाय मला. पण ताई, पुढच्या बारीला वास येतोय म्हटलं, की आदी तुमी हुंगून बघा."