ओदीलची ओटी

बुकित बातोक, सिंगापूर
१४ ऑक्टोबर २०१६

विमल हिस,

इकडे सगळे खुशाल. तिकडची खुशाली तू कळवायची असते, ती तू कळवत नाहीस, म्हणून माझ्या चौथी पास हाताला पेन धरावं लागलं. अक्षर लागलं नाही तर चष्मा पूस, दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि मिरजेत वांगी काय भाव आहेत ते सांगत बसतेस.

काल तुझा प्रणव आला होता. एरवी लिफ्टमध्ये भेटला तर मान हलवून मोकळा होतो. काल काजूकतलीचा डबा घेऊन आला आणि चपला काढून चांगला सोफ्यावर बसला.

"मावशी, आई मिरजेच्या घराला रंग लावून महिन्यात येते म्हणाली होती. आता दिवाळी आली."

मी म्हटलं, "रंग वाळत नसेल रे."

हसला नाही. म्हणाला, "तुमचं ऐकते ती. अपूर्वाला जानेवारीत दुसरं होणार. घरी परकी बाई ठेवायला तिला भीती वाटते. आईने बाळाकडे फक्त बघायचंय."

फक्त! त्यांच्या थोरल्या वल्लरीकडे फक्त बघता बघता तुझे दोन्ही गुडघे गेले. ती पोरगी आता शाळेत जाते, आजीने हाक मारली तर "वेट ला, आजी" म्हणते, आणि कुठे तू जरा मोकळी झालीस. हे मी त्याला बोलले नाही. पोरगा वाईट नाही. पण आई म्हणजे घरातला नळ आहे, सोडला की पाणी यायचंच, असं त्याला वाटतं. माझ्या हेमचंद्रालाही वाटतं. ती सवय आपणच लावली.

तर मी त्याला शब्द दिलाय की लिहिते. म्हणून लिहिते: ये. इथे लिफ्ट आहे, गार हवा आहे, बाळ येतंय. झालं, त्याचं काम केलं. आता माझं लिहिते.

अवनीने फ्रान्सचे फोटो कागदावर काढून पाठवलेत. बाई, काय ध्यान दिसतो आपण! त्या सूर्यफुलांच्या शेतात तू स्वेटरवर स्वेटर घालून उभी आहेस आणि मी जत्रेत हरवल्यासारखी. माझी नात म्हणून सांगत नाही, पण पोरीने तिथल्या शिक्षणातून सुट्टी काढून दोन म्हाताऱ्यांना गाडीत घालून खेडोपाडी हिंडवलं, आणि आपण मागच्या सीटवर बसून दशम्या खात तिला "हळू चालव" म्हणत राहिलो. त्या रस्त्यांना माणूस दिसेना, नुसत्या पांढऱ्या गाई. तू प्रत्येक गाईला नाव ठेवत होतीस. मी म्हटलं, "पुरे झालं, बारसं घालायला आलीस का?"

पण मला सारखी आठवते ती ओदील. आपण तिच्याकडे उतरलो, ती शेळ्यांवाली. आपल्याच वयाची, नवरा गेलेला, मुलं शहरात, आणि ही त्या दगडी घरात एकटी. निघायच्या आदल्या दिवशी तू पिशवीतून तांदूळ, सुपारी आणि खण काढलास. नारळ नव्हता तर तिच्याच झाडाचं सफरचंद घेतलंस. मी तुला कोपराने ढोसलं, "अगं, विधवेने विधवेची ओटी भरायची?" तू म्हणालीस, "इथं कोण विचारतंय, द्वारके?" आणि भरलीस. मिरजेत तुझ्या सख्ख्या पुतणीच्या ओटीच्या वेळी भिंतीला टेकून बसलेली तू.

आणि त्या बयेने काय केलं? खण डोक्याला बांधला, आणि ओटीचे तांदूळ रात्री दुधात शिजवून, साखर घालून आपल्यालाच वाढले! मी कपाळाला हात लावला. तू मात्र हसलीस. अशी हसलीस की कवळी ताटात पडली, तरी थांबेना. विमल, इतकी वर्षं आपण इमारतीखालच्या बाकावर रोज बसलो, तुला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

सकाळी बघते तर तू साडीखाली तिचे गुडघ्याएवढे रबरी बूट घालून, स्टूल टाकून शेळीखाली बसलेली. धार काढत होतीस. ओदील शेजारी उभी, तिचं फ्रेंच, तुझं मराठी, आणि दोघींचं काही अडत नव्हतं. मग तू अवनीकरवी विचारलंस, "मुलं बोलवत नाहीत?" ती म्हणाली, "बोलवतात. जाते, जेवते, घरी येते." तू परत विचारलंस, "घरी म्हणजे इथे?" अवनीला वाटलं तुला कळलं नाही. मला कळलं तुला काय कळलं ते. आणि इथे येऊन पंधरा दिवसांत रंगाचं निघालं.

रंग झालाय ना आता? खरं सांग. आणि परड्यात शेळी आणलीस का? आणली असशील.

तर ऐक. येऊ नकोस. प्रणवला सरळ सांग, लपवाछपवी नको, रंगाची सबब आता जुनी झाली. बारशाला ये. पाहुणी म्हणून, परतीचं तिकीट काढून ये. अपूर्वाची आई आहे, ठेवायला बाई मिळते, बाळ कुणाच्याही हातात वाढतं. आधी रडतील, मग व्यवस्था लावतील. माझ्यावर रागावतील, रागावू देत. काजूकतली मी खाल्लीय, ती काही परत मागणार नाहीत.

इथलं म्हणशील तर आपल्या बाकावर आता एक चिनी म्हातारा पिंजऱ्यात पक्षी घेऊन बसतो. मी दोनदा खोकले, तरी उठेना. सूनबाई विचारते, "आई, हल्ली खाली लवकर जाता आणि लवकर वर येता?" मी सांगते, डास फार आहेत.

तू "येते" असं लिहिलंस तर मला फार बरं वाटेल. म्हणून ते लिहू नकोस.

डास चावत नसतानाही वर येणारी, तुझी
द्वारका