लिफ्टवाल्याच्या घरची हजेरी

१७ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय ताई,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, वाढदिवसाला फोन नाही, म्हणून आधी कान पकडते. (दोन्ही. त्यासाठी पेन खाली ठेवावं लागलं.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजी अजून औषधाच्या गोळ्या कुंडीत पुरतात का? मी मजेत आहे असं लिहिणार होते, पण खोटं लिहायचं नाही हा माझ्या रोजनिशीचा नियम पत्रालाही लागू केलाय, म्हणून खरं लिहिते: मी वैतागले आहे. कोणावर, ते लिहिता लिहिता ठरेल.

उन्हाळ्यात आपल्या गावानं एक निर्वासित कुटुंब वसवून घ्यायचं ठरवलं. लगेच समिती झाली. निवृत्त मुख्याध्यापक अध्यक्ष, आणि ग्रंथालयात नोकरी म्हणजे अक्षर बरं असणार, या न्यायानं मी चिटणीस. ऑगस्टअखेर कुटुंब आलं: नवरा, बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा! ताई, आपल्या गावात उंच म्हणावी अशी एक पाण्याची टाकी. लिफ्टही एकच, रुग्णालयातली, आणि तिच्यात गेली तीन वर्षं झाडू ठेवतात. पण आम्ही डगमगलो नाही. लोकांनी सामान आणून ओतलं. त्या दोन खोल्यांत आज भिंतीवरची सात घड्याळं आहेत आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. नकार द्यायची त्या माणसांची टाप नव्हती, आणि थांबायची आमची.

त्यांना एकटं वाटू नये म्हणून मी वेळापत्रक केलं. सकाळी दहाला एक जण, संध्याकाळी पाचला एक जण. कोण गेलं, कोण नाही, यावरून समितीत धुसफूस नको म्हणून एक वही ठेवली: तारीख, वेळ, येणाऱ्याची सही, घरच्यांची सही. रकाने पट्टीनं आखले. (शेवटचा रकाना का आखला, हे मी स्वतःला चार दिवस विचारते आहे. पान भरल्यासारखं दिसावं म्हणून, एवढंच उत्तर मिळतं.) घराची दुसरी किल्लीही माझ्याकडे ठेवली. सोयीसाठी. कोणाच्या, ते विचारू नकोस.

आता नियम असा की महिनाअखेरपर्यंत नवऱ्याला काम लागल्याचा कागद द्यायचा, नाहीतर कुटुंबाची रवानगी पुन्हा मोठ्या शहरातल्या छावणीत. आम्ही उंबरठे झिजवले. शेवटी रुग्णालयाच्या व्यवस्थापकानं गेल्या बुधवारी सकाळी दहाला त्याला लिफ्ट बघायला बोलावलं. आणि हा पठ्ठ्या म्हणाला, दहाला जमणार नाही! व्यवस्थापकाचं नाक केवढं, तुला ठाऊकच आहे. त्यानं फोन आपटला. मुख्याध्यापकांनी बैठकीत जाहीर केलं, "आयतं मिळालं की माणूस लोळतो." मी मान हलवली नाही, पण थांबवलंही नाही. (रोजनिशीत लिहिलंय: गप्प राहिले. दोनदा.)

शुक्रवारी पाचला तणतणत गेले. बायको आपली भाषा रेडिओ ऐकून शिकली आहे, त्यामुळे बातम्या दिल्यासारखी ठासून बोलते. तिनं चहा दिला, वही पुढे केली आणि विचारलं, "ताई, सही झाली? मग आम्ही जरा बाजारात जाऊ?"

मी म्हटलं, "जा की! मला काय विचारता?"

"वही तुमची, मग विचारायचं कोणाला?"

मग एकेक बाहेर आलं. छावणीत रोज दोनदा हजेरी असायची. तीनदा गैरहजर की नाव कट. आमची वही पाहून त्यांना वाटलं, इथंही तेच, फक्त अधिकारी जास्त हसतात. म्हणून अडीच महिने दहा आणि पाचला तिघंही अंघोळ करून, केस विंचरून खुर्च्यांवर बसलेली. म्हातारीला ताप होता तेव्हा तिलाही उठवून बसवलं होतं. आणि मी त्या दिवशी रोजनिशीत लिहिलं होतं, आजींची तब्येत छान, ताठ बसतात!

"आणि बुधवारी दहाला?" मी विचारलं.

नवरा इतका वेळ चुलीकडे बघत होता. तो हळूच म्हणाला, "दहाला तुमचे हेडमास्तर येणार होते. लिफ्ट तीन वर्षं थांबली, अजून एक दिवस थांबली असती. हेडमास्तर थांबतात का?"

मी तिथंच सांगितलं की ही हजेरी नाही, कोणीही कधीही कुठंही जावं. मग बायकोनं चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि तिघंही निघून गेली. मी पायरीवर, हातात वही. सांगायची लाज वाटते, पण मला राग आला. एकदा मागे वळून बघायला काय झालं होतं?

मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग वहीला वेगळा पुठ्ठा घालू." आता बोल.

तुझी,
धाकटी

ता. क. रुग्णालयाचा व्यवस्थापक तुझ्या वर्गातला. दहावीची अख्खी गणितं त्यानं तुझ्या वहीतून उतरवली, हे तो विसरला असला तरी तू विसरली नसशील. त्याला एक फोन कर. लिफ्टवाला केव्हाही यायला तयार आहे, दहालासुद्धा. पत्र खरं तर एवढ्यासाठीच होतं.

दुसरा ता. क. आज वहीतल्या सह्या मोजल्या. एकशे बावन्न भेटी, त्यातल्या एक्क्याण्णव माझ्या. वेळापत्रकाप्रमाणे माझा वार फक्त शुक्रवार. आई गेल्यापासून पाचनंतर या घरात फार शांत असतं, आणि तिथं सात घड्याळं असतात. कोण कोणाला वसवून घेत होतं, ते तू ठरव. मला लिहू नकोस.

उद्याचं काम: किल्ली परत देणे.