सिनेटात वाचलेला काकवीचा केक

कॅल्डर्स फेरी,
फेब्रुवारी १९३८

प्रिय थॅड,

तुझी तार मिळाली. पोस्टातले मिस्टर पूल स्वतः घेऊन आले आणि दारातच टोपी काढून म्हणाले, "मिस कॉर्डी, तुमच्या भावानं त्या उत्तरेकडच्या लोकांना पार झोपवलं हो!" मी म्हटलं, लोकांना झोपवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही, लहानपणापासूनचा सराव आहे. त्यांना ती स्तुती वाटली. खूश होऊन गेले बिचारे.

तुला आठवतं का रे, रात्रीच्या जेवणानंतर बाबा प्रत्येकाला बायबलमधलं काहीतरी म्हणायला लावायचे आणि मग दिवसभरातल्या खोड्यांचा जाब विचारायचे? मी दोन ओळी म्हणून मोकळी व्हायची आणि शिक्षा भोगायची. तू मात्र एकशेएकोणिसावं स्तोत्र पाठ केलंस, अख्ख्या बायबलमधलं सगळ्यात लांब. शेजाऱ्यांची काच फुटलेली असो, कोंबड्यांचं दार उघडं राहिलेलं असो, तू हात जोडून स्तोत्र सुरू करायचास आणि निम्म्यावर पोचायच्या आत बाबा खुर्चीत घोरायला लागायचे. आई म्हणायची, पोर देवभोळं आहे. मला तेव्हाच कळलं होतं की पोर राजकारणात जाणार.

आता तू तेच करतोस, फक्त पगार घेऊन. मत पडू नये म्हणून बोलतच राहायचं, तिकडे सिनेटात त्याला फिलिबस्टर म्हणतात म्हणे, नाव मोठं लक्षण खोटं. पहिला आठवडा तुम्ही दक्षिणेकडच्या सगळ्यांनी मिळून एका गोष्टीवर घालवलात: आदल्या दिवशी पाद्रीसाहेबांनी केलेली प्रार्थना कामकाजाच्या नोंदीत शब्दशः यावी की थोडक्यात. मोठमोठे पुरुष, पांढरे केस, सोन्याच्या साखळीची घड्याळं, आणि 'आमेन'च्या जागेवरून गुऱ्हाळ! मग तू उठलास. उभं राहायचं, बसायचं नाही, सभागृह सोडायचं नाही, बोलणं थांबवायचं नाही, एवढाच नियम. काय बोलायचं याला नियमच नाही. म्हणून तू आपल्या नदीतल्या माशांवर बोललास, आजोबांच्या युद्धातल्या घोड्यावर बोललास. आजोबा युद्धभर कोठारात पिठाची पोती मोजत होते हे तुलाही माहीत आहे आणि मलाही, पण घोड्याचं तुझं वर्णन छान होतं असं सगळे म्हणतात. घसा सुकला की कुणीतरी मित्र उठून लांबलचक प्रश्न विचारायचा, आणि तू दुधाचा घोट घ्यायचास. बुटांच्या नाड्या सैल केल्यास हेसुद्धा इथल्या पेपरात पहिल्या पानावर आलं. "आपला सिंह दिवसभर उभा." ओझेला आपल्या स्वयंपाकघरात तीस वर्षं उभी आहे, थॅड. तिच्या नाड्यांबद्दल पेपरात अजून काही आलेलं नाही.

आणि मग तू काकवीचा केक वाचलास.

इथल्या बायकांनी तो पेपरातून कापून ठेवला, "सिनेटर मॅकॉलॉ यांच्या घरचा केक" म्हणून. मिसेस स्टॅबलरने चर्चच्या सहभोजनासाठी करून आणला. वीट होती. सुरीने कापेना. तू सोडा वाचायचा विसरलास. ओळच गाळलीस, कारण शेजारच्या सिनेटरने काहीतरी विनोद केला आणि तू हसत होतास. आता निम्मं गाव मला विचारतं, मिस कॉर्डी, तुमच्याकडे असला केक खातात? मला वाटतं, तुझ्या आयुष्यात तू या जिल्ह्याचं थेट केलेलं एवढंच एक नुकसान असेल जे लोकांच्या लक्षात आलं.

कृतीचा तो कागद तू नाताळात माझ्या खणातून नेलास ना? विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं तो तिथे कसा आला. ओझेलाने तिच्या आईची ती कृती कधी कुणाला दिली नव्हती. आपल्या आईने किती वेळा विचारलं, ती आपली हसून, "थोडं हे, थोडं ते, हाताला कळतं बघा." तिच्या मुलाला, लेव्हीला, पुरल्यानंतरच्या सोमवारी ती कामावर आली, चूल पेटवली आणि मला म्हणाली, "मिस कॉर्डी, केक लिहून घ्या. लेव्हीचं लग्न होऊन बायको आली असती तर तिला दिला असता. आता कुणाला देऊ?" मी लिहून घेतला. तो कागद घेऊन तू सभागृहात उभा राहिलास.

लेव्हीवर मिस्टर स्कॅग्जचं खेचर चोरल्याचा आळ होता, तेवढं तुला कळवलं होतं. शनिवारी त्याला तुरुंगात टाकलं. शेरीफ गिब्ज किल्ली खिळ्याला टांगून जेवायला घरी गेला, आणि त्याचं ते जेवण तुझ्या भाषणाएवढं लांबलं. तोवर झुंड येऊन लेव्हीला घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात खेचर स्कॅग्जच्याच मेव्हण्याच्या कुरणात चरताना सापडलं. ते अजून आहे, धडधाकट आहे, काल नांगराला जुंपलेलं पाहिलं. चौकशीत निकाल लागला: मृत्यू अज्ञात व्यक्तींच्या हातून. त्या अज्ञात व्यक्तींपैकी एकजण दर रविवारी चर्चमध्ये माझ्यासमोर दानाची थाळी धरतो. सांत्वनाला तू एक हॅम पाठवलंस, सिनेटच्या शिक्क्याच्या कार्डासकट. ओझेलाने ते कुत्र्याला घातलं. तुला हे आजवर सांगितलं नव्हतं, कारण कुत्र्याचाही मान राखावा लागतो.

तुम्ही अडवून धरलेलं ते विधेयक मी वाचलं. तू वाचलंस का, मला शंका आहे. त्यात एवढंच आहे की झुंड येऊन माणसाला ओढून नेत असेल आणि शेरीफ जेवत बसला असेल, तर त्या शेरीफला वॉशिंग्टनच्या कोर्टात जाब द्यावा लागेल. बस. मत पडलं तर पास होईल, ते पाडायला तुमच्याकडे तेवढी डोकी नाहीत. म्हणून मतच पडू द्यायचं नाही. हरणार हे ठाऊक असलेला माणूस पत्ते उधळून लावतो, त्याला आपल्या गावात रडीचा डाव म्हणतात. वॉशिंग्टनात त्याला राज्यांच्या हक्कांचं रक्षण म्हणतात. निदान बाबांपुढे तू काचेच्या तुकड्यांसाठी स्तोत्र म्हणत होतास.

पण तुझ्या सगळ्या चऱ्हाटात एक वाक्य माझ्या डोक्यात बसलं. पेपरवाल्याने ते चौकटीत छापलं होतं. "आमच्याकडचे काळे लोक सुखात आहेत. माझ्या घरच्या ओझेलाला विचारा, तिला हा कायदा हवा का!" सभागृहात हशा, असंही कंसात लिहिलं होतं. छान. विचारा म्हणालास, आणि तिथे बसलेल्या इतक्या शहाण्यांपैकी कुणालाही प्रश्न पडला नाही की ही ओझेला राहते कुठे. मलाही पडला नसता, घरातल्या घरात कोण विचारतं. मग तुझी ही तार आली. "कृती संपल्या. आणखी पाठव. लांब असतील त्या. ओझेलाला विचार."

म्हणून विचारलं. हे पत्र त्यासाठीच आहे. काल दुपारी मी तार घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि तिला वाचून दाखवली, कायदा कसला आहे आणि कृती कशाला हव्यात तेही सांगितलं. ती भांडी घासत होती. तिने हात पुसले, आणि मग, थॅड, ती बसली. आपल्या आईच्या खुर्चीत. मी उभी होते. म्हणाली, "लांब हवी का? घ्या लिहून." तिने सांगितलं तसंच लिहिते, एक ओळही गाळलेली नाही, तूही गाळू नकोस. "पाणी कोमट घ्यायचं, कढत नको. आधी दोर. ओढायचा नाही, ओल्या फडक्यानं भिजवायचा, मऊ झाला की मग कापायचा. केसांतली माती बोटांनी काढायची, फणी टोचते. साबण घरचा. हात मागे बांधलेले असतात, ते सरळ होत नाहीत. घाई करायची नाही, तेल लावायचं आणि धरून बसायचं. शर्ट उंच कॉलरचा पाहिजे, गळा झाकायला. त्याचा नव्हता तसा, बापाचा घातला. गुंडी लागत नव्हती, शिवून टाकली. मिस्टर थॅडना सांगा, एवढं वाचून झालं की पुन्हा पहिल्यापासून वाचा. मी रोज वाचते." मग ती उठली आणि उरलेली भांडी घासली. कायदा हवा का, हे मी पुन्हा विचारलं नाही. वाचून झालं की खाली बस, थॅड. आयुष्यात एकदा तरी वेळेवर खाली बस.

बदलता येत नाही म्हणून अजूनही तुझीच बहीण,
कॉर्डी