ताईची धून आणि तिची परवानगी

मंगळवार, संध्याकाळ

पॉडकास्टच्या सुरुवातीला लावायला हक्कांची भानगड नसलेलं, फुकटचं म्युझिक शोधण्यात दुपार गेली. एकही तुकडा मनात बसला नाही. खरं तर मला ताईचीच धून पाहिजे होती, तिने शाळेत असताना बुलबुलतरंगावर स्वतः बसवलेली. कॅसेट माझ्याकडे आहे. पण धून तिची, म्हणजे लेखी परवानगीही तिचीच लागणार. आई गेल्यापासून आम्ही बोललेलो नाही. एकाच शहरात ती कोठीला, मी हिमायतनगरला!

शेवटी मेसेज केला. लगेच उत्तर आलं, ‘हौ, घे.’ एवढंच? कशाला पाहिजे, हेही विचारलं नाही. आता पुन्हा कोणत्या निमित्ताने लिहू?

तरी लिहिलंच. ‘कॅसेट फार खरखरते गं. घरी येऊन एकदा वाजवतेस?’

कॅसेट जराही खरखरत नाही.