कारखाना वन्संना, घर मुलीला

गिऱ्हाईकं जिला पंपवाली बाई म्हणतात ती मी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. छातीचं दुखणं जुनं आहे, डोकं ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेलं नाही.

१. फवारणी पंप आणि जनरेटर दुरुस्तीच्या कारखान्यातला माझा अर्धा हिस्सा, हत्यारांसकट, माझ्या नणंदेला, म्हणजे वन्संना. उरलेला अर्धा त्यांचाच आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून नवरा मारायचा. एकदा वन्संनी बंद पडलेलं इंजिन माझ्यापुढे ठेवलं. "वहिनी, उघडा. मोडलं तर मोडलं." प्लग काढला, कार्बोरेटर धुतला, पिस्टनच्या रिंगा उलट्या बसवल्या, पुन्हा काढल्या. दोरी ओढली तर उलटा झटका बसून मनगट सुजलं. "का मारलं त्याने?" वन्संनी विचारलं. "ठिणगी लवकर पडतेय," मी म्हणाले. कारण सांगता आलं असा त्या घरातला तो पहिला मार.

२. घर माझ्या कमाईचं, ते मुलीला. नवऱ्याने मरेपर्यंत पुढच्या खोलीत राहावं, मालकी सांगू नये. मी एकटीने पहिलं इंजिन चालू केलं तेव्हा गिऱ्हाईक त्याच्यादेखत मला शाबास म्हणालं. ते गेल्यावर त्याने माझा उजवा हात तापलेल्या सायलेन्सरवर दाबून धरला. कातडी तिथेच राहिली. वन्संनी पाईपपाना भावाच्या गुडघ्यावर घातला. तरी सोडेना, म्हणून पुन्हा घातला. हाड बाहेर आलं. पोलिसांना म्हणाल्या, "मीच मारलं. तो सोडत नव्हता." त्यांना तुरुंग झाला. त्या आत होत्या तोवर कारखाना मी डाव्या हाताने चालवला. सुटून आल्या, चालू इंजिनाला कान लावला, "व्हॉल्व्ह जरा वाजतोय" म्हणाल्या आणि मग रडल्या.

३. वन्संच्या खटल्यात मोठ्या दिरांनी साक्ष दिली की माझा हात चुलीवर भाजला. त्यांना माझ्या प्रेताला हात लावू देऊ नये.

४. काल हे नवऱ्याला वाचून दाखवलं. "मला नुसती खोली?" म्हणत त्याने काठी उगारली. मुलीने ती हिसकावून त्याच्याच खांद्यावर घातली. एकदा, मग आणखी एकदा. नंतर माझ्याजवळ येऊन बसली. "आई, मला बरं वाटलं गं."

म्हणून कलम दोनमधली खोली रद्द. त्याची सोय वृद्धाश्रमात करावी, खर्च माझ्या बचतीतून. मुलीचा हात पुन्हा उठायला नको.

सही, डाव्या हाताने: पंपवाली बाई
साक्षीदार: शेजारचा वेल्डर; दवाखान्यातली नर्स
(दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या)
स्थळ: राहतं घर, मागची खोली
दिनांक: १४ जून