हे मार्चमध्ये येणार आहेत

६ जानेवारी २०२५, सोमवार

फॉर्म तिसऱ्या पानावर अडला. म्हणजे मीच अडले. ‘वैवाहिक स्थिती’ — खाली चार पर्याय. सवयीने ‘विवाहित’ निवडलं, तर लगेच पुढचा प्रश्न — पतीचा पासपोर्ट नंबर? आता आली का पंचाईत! ह्यांचा पासपोर्ट मयूरने टोरांटोत कधीच जमा करून टाकला. ह्यांना जाऊन अडीच वर्षं होत आली.

मागे गेले. ‘विधवा’ निवडलं. फॉर्म निमूट पुढे सरकला. त्याला काय!

हे ओसीआय कार्ड मिळालं, तर कॅनडाचा पासपोर्ट असूनही मरेपर्यंत इथे, माझ्या फ्लॅटमध्ये राहता येईल. नाही मिळालं तर व्हिसा ३० एप्रिलला संपतोय. मग आहेच मयूरचं तळघर. तो त्याला ‘आईची रूम’ म्हणतो. खिडकी आहे, नाही असं नाही. तिच्यातून लोकांचे बूट दिसतात.

८ जानेवारी

फॉर्मसाठी फोटो काढायला आलमबागला गेले. चिनहटच्या माझ्या फ्लॅटपासून लांब पडतं, पण चौदा वर्षं तिथल्या रेल्वे क्वार्टर्समध्ये काढली, पाय तिकडेच वळतात. तिथे आता कोणी नाही. सगळे बदलीचे लोक — कोणी पुण्याला, कोणी नागपूरला, कोणी वर.

फोटोवाला म्हणाला, “आंटीजी, बिंदी ज़रा बीच में कर लीजिए.” केली. टिकली मधोमध, मंगळसूत्र पदराबाहेर. आणि हा फोटो लागणार ‘विधवा’च्या शेजारी. मेट्रोत बसल्यावर हसूच आलं. बाजूची मुलगी सरकून बसली.

१४ जानेवारी, संक्रांत

विनीता तिळगूळ घेऊन आली. माझ्या डोक्यावरचा फ्लॅट तिचा. या बिल्डिंगमधलं, माझं सोडून, एकुलतं एक मराठी घर. अमरावतीची. मुलगी सलोनी नऊ वर्षांची — मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. नवरा विजय बँकेत, बदली गुवाहाटीला. मी राहायला येण्याआधी येऊन गेला म्हणे. बँकवाल्याला सुट्टी मिळत नाही, हे ऐकावं ते नवलच.

दारातूनच — “काकू, काका काय म्हणताहेत? मार्चमध्ये नक्की येताहेत ना?”

“येतील गं. गुडघा काय म्हणतो त्यावर.”

एकदा लिहूनच टाकते. गेल्या मे महिन्यात मी इथे आले, तेव्हा लिफ्टमध्ये ही भेटली. “काका मागून येणार का?” मी म्हणाले, “येतील.” दम लागला होता, दोन बॅगा पायांशी. एवढी मोठी गोष्ट लिफ्टमध्ये कोण सांगणार? उद्या सांगू म्हटलं. उद्या तिने विचारलं — काकांचा फोन आला का? आणि मला बरं वाटलं!

खरंच बरं वाटलं. मयूर बाबांचं नाव काढत नाही, त्याला त्रास होतो. मैत्रिणी फोनवर त्या विषयाला वळसा घालून जातात. जगात हे एकच दार, जिथे रोज कोणीतरी विचारतं, ते कसे आहेत? मग मी सांगते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बर्फात घसरले. पथ्य पाळत नाहीत, चोरून चिवडा खातात. माझंच मला आश्चर्य वाटतं — पंचवीस वर्षं शाळेत शिकवलं, पोरांच्या खोट्या रजाचिठ्ठ्या नुसत्या वासावरून ओळखायची मी!

२६ जानेवारी

विनीताकडे हळदीकुंकू. जाणार नव्हते. तीन वाजता साडी नेसले, काढली, परत नेसले.

नऊ बायका. निम्म्यांना हे काय असतं ते माहीत नाही. मिसेस सक्सेना म्हणाल्या, “बड़ा अच्छा है, हमारे यहाँ तो सिर्फ़ व्रत हैं.” वाण म्हणून चहाची गाळणी. विनीताने वाकून हळद लावली, कुंकू लावलं. “काकांनाही तिळगूळ पाठवायला हवा होता, नाही?”

तीस वर्षांपूर्वी आलमबागच्या आमच्या महिला मंडळात मी हट्टाने म्हटलं होतं — विधवांनाही कुंकवाला बोलवा. चांगली तासभर भांडले होते. तेव्हा बोलायला काय जात होतं! आज लबाडीने लावून घेतलं. घरी येऊन धुतलं नाही. झोपेपर्यंत तसंच ठेवलं.

३१ जानेवारी

ऑफिसात कागद दिले. खिडकीवरची मुलगी ह्यांचा मृत्यूचा दाखला वाचताना थांबली, “सॉरी मैम” म्हणाली. किती दिवसांनी कोणी म्हणालं! मग पुढचं सांगितलं — “घर पर पुलिस इन्क्वायरी आएगी. दो पड़ोसी चाहिए, जो आपको जानते हों.”

१ फेब्रुवारी

दोन शेजारी. जे मला ओळखतात.

९ फेब्रुवारी

मोजून पाहिलं. तळमजल्यावरचे रिज़वीसाहेब — जिन्यात आदाब करतात, मी नमस्ते म्हणते, संपलं. सेक्रेटरी सक्सेनाजी — मला ‘चार सौ इक्कीस वाली मैडम’ म्हणतात. नाव विचारायची वेळ आलेली नाही. भाजीवाला भैया चांगला ओळखतो, कोथिंबीर जास्त घालतो. पण तो शेजारी नव्हे.

राहिली विनीता. ती ओळखते. पण ती जिला ओळखते, त्या बाईचा नवरा मार्चमध्ये येणार आहे. चौकशीचा माणूस तिच्या दारात उभा राहून विचारील, ‘ये विधवा यहाँ रहती हैं?’ — आणि मग?

त्याच्या आधी आपणच सांगायला हवं.

२० फेब्रुवारी

सांगायला गेले. जिना चढताना वाक्य पाठ केलं — ‘विनीता, मी तुला एक खोटं सांगितलंय.’ सोपं वाक्य. चौथीच्या मुलाला येईल.

तिने दार उघडलं. “काकू! बरं झालं आलात. काल स्वप्नात काका आले, खरंच! मी पाहिलेलं नाही त्यांना, तरी. उंच आहेत ना?”

“नाही गं. माझ्याएवढेच.”

आणि बसले. चहा घेतला. ह्यांनी नवी काठी घेतली, तिला काळं रबर आहे, हे सांगून आले! मूर्ख बाई. साठी उलटली तरी अक्कल नाही ती नाही.

३ मार्च

मयूरचा फोन. “आई, एप्रिलचं तिकीट बघून ठेवू का? नंतर महाग होतं.” बघ म्हणाले.

११ मार्च, मंगळवार

झालं.

मी बाजारात होते. चौकशीचा माणूस आला, माझ्या दाराला कुलूप, म्हणून वर गेला. दुपारी त्याचा फोन.

“मैडम, काग़ज़ पर विधवा. और ऊपर वाली मैडम कह रही हैं पति कनाडा में हैं, इसी महीने आ रहे हैं. हम किसे सही लिखें?”

“काग़ज़ को.”

“तो वो झूठ बोल रही हैं?”

“नहीं भैया. मैं बोल रही थी.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज. मग म्हणाला — आवाजात राग नव्हता — “अम्मा जी, दो नए बयान दिलवाइए, हफ़्ते-दस दिन में. हमें भी ऊपर जवाब देना पड़ता है.”

मघा मैडम होते.

१२ मार्च

दाखला घेऊन वर गेले. कागदच पुढे केला. तिने वाचला. तारखेवर बोट ठेवून परत वाचला.

“ऑगस्ट दोन हजार बावीस?”

“हो.”

“मी काल त्या माणसाशी भांडले काकू! म्हटलं, ज़बान सँभालिए, सुहागन औरत को विधवा लिख रहे हैं आप! दारातून हाकललं त्याला.”

मी म्हणाले, चुकलं माझं. हळदीकुंकवालाही यायला नको होतं.

“तसंही बोलावलंच असतं मी तुम्हाला,” ती म्हणाली. “त्याचं काय आहे? पण मी रोज विचारत होते. रोज! यार, मी वाट बघत होते त्यांची.”

सलोनी आतून म्हणाली, “मम्मी, क्या हुआ?” दार लागलं. हळू लागलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

१४ मार्च, होळी

खाली रंग चालू. माझी बेल कोणी वाजवली नाही. दुपारी दार उघडलं तर उंबऱ्यावर गुलालाची एक रेघ — कोणाच्या तरी चपलेची. पुसली नाही.

१७ मार्च

आता लाजून भागणार नव्हतं. सक्सेनाजींकडे गेले. सगळं सांगितलं — उभ्यानेच, लिफ्टपासून काठीपर्यंत. वाटलं, हसतील. ते खुर्चीतून उठले. “भाभीजी, आप इतने दिन अकेली…” आणि स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

भाभीजी! चारशे एकवीस गेलं.

१९ मार्च

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

अकराला बेल. सक्सेनाजी, मिसेस सक्सेना, मागे रिज़वीसाहेब, तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी. बायकांच्या डोक्यावर फिका पदर. मिसेस सक्सेनांच्या हातात डबा — दुधीची भाजी, साध्या पोळ्या. “ग़म के घर में तला हुआ नहीं लाते.” माझ्या लक्षातच येईना. मग आलं. सांत्वनाला आले होते!

मी म्हणाले, अहो, अडीच वर्षं झाली.

“हमें तो परसों ख़बर मिली है,” मिसेस सक्सेना म्हणाल्या आणि माझ्याजवळ बसल्या.

सगळे बसले. मी चहा टाकायला उठले, तर हाताला धरून बसवलं. रिज़वीसाहेबांचा रोजा, ते पाणीही घेणार नव्हते. तेच म्हणाले, “कैसे आदमी थे, कुछ बताइए.”

दहा महिने मी रोज ह्यांच्याबद्दल बोलत होते. पण हे कोणी विचारलं नव्हतं. मी खरं सांगायला लागले. चिडके होते. रेल्वेचे पूल तपासायला जायचे, घरातला नळ मात्र कधी दुरुस्त केला नाही. तिकडे गेल्यावर गप्प झाले. सकाळी बर्फ उपसायला गेले आणि परत — नाही, बर्फ नव्हता, ऑगस्ट होता. गवत कापत होते. मशीन चालूच राहिलं. त्याच्या आवाजाने शेजारी वैतागला, तेव्हा कुठे मी बाहेर जाऊन पाहिलं.

तिकडे अंत्यविधीला चाळीस मिनिटांची वेळ मिळाली होती. पुढचं कुटुंब बाहेर गाड्यांत थांबलेलं. मयूर घड्याळ बघत होता, त्याचा तरी काय दोष. तेव्हा मी रडले नव्हते. सगळ्यांना वाटलं, खंबीर आहे. आज रडले. मोठ्याने, ओळख ना देख अशा माणसांत! मिसेस सक्सेना पाठीवरून हात फिरवत राहिल्या, घाई नव्हती कोणालाच.

जाताना रिज़वीसाहेब आणि सक्सेनाजी, दोघांनी जबाबावर सह्या केल्या. ‘हम इन्हें जानते हैं.’

विनीता आली नाही. डोक्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. घरीच होती.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. तिनेही उभारली आहे, खालून दिसते. नमस्कार-चमत्कार नाही.

८ एप्रिल

जिन्यात सलोनी भेटली. “हेलो आजी” म्हणून पळाली. विनीता मागे होती. मान हलवली. बस.

१६ एप्रिल

मंजूर! कार्ड मंजूर झालं. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत. तीनदा उघडून पाहिलं.

मयूरला सांगितलं. “ओके आई. गुड.” थोड्या वेळाने — “तिकीट कॅन्सल करू ना मग?” कर म्हणाले. त्याचा आवाज पडला. माझाही.

पेढे आणले. सक्सेनांकडे, रिज़वींकडे दिले, भाजीवाल्याला दिला. विनीताच्या दारापर्यंत जाऊन परत आले. आयुष्यभर राहायची परवानगी हातात आहे, आणि ‘ते कसे आहेत’ असं विचारणारं एकही दार नाही. आता ते कसेच नाहीत. ह्या घरातसुद्धा गेले ते. सगळ्यांना कळलं.

उरलेले पेढे फ्रीजमध्ये.

१९ एप्रिल, शनिवार

विनीता आली. बसली नाही. भिंतीला टेकून एका दमात म्हणाली, “काकू, विजय गुवाहाटीला नाहीत. कानपूरलाच आहेत, दुसरं घर केलंय. दीड वर्ष झालं. तुमचा राग नव्हता आला. मला वाटायचं, या बिल्डिंगमध्ये एक तरी नवरा परत येणार आहे.”

मी काही म्हणणार, तेवढ्यात सलोनी आईला शोधत दारात आली. विनीताने माझ्याकडे पाहून मान हलवली — हिला माहीत नाही.

मी मोठ्याने विचारलं, “काय गं, विजय कधी येताहेत?”

“मई में,” सलोनीच म्हणाली. “मम्मी ने बोला है.”

“अरे वा! आणि तब्येत कशी आहे त्यांची?”